ओतायचं राहिलेलं तांबडं पाणी

पौषातल्या एका दुपारी, कल्याणात पारनाक्याजवळच्या आमच्या भाड्याच्या घरात, फळीवर ठेवलेल्या दोन काचेच्या बाटल्यांपैकी एकीतलं तांबडं पाणी कोणीही न फुंकता दुसरीत चढलं, वरच्या खुणेपाशी थांबलं आणि सावकाश परत आलं. खोलीत मी आणि माझी पत्नी यमुना असे दोघेच होतो. ती खाटेवर होती, मी खुर्चीत. बाटल्यांना आमच्यापैकी कोणाचाही हात लागलेला नव्हता.

मी ठाण्याच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार आहे. भुताखेतांच्या हकिकती आमच्याकडे सतत येतात — शीळच्या रस्त्यावरचा दिवा, ठाकुर्लीच्या विहिरीवरची बाई — आणि त्या छापायच्या नाहीत हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा मीच असतो. सांगणारा स्वतः तिथे होता का, एवढंच मी विचारतो. पुष्कळशा हकिकती त्या प्रश्नाशीच संपतात. या हकिकतीत मी स्वतः तिथे होतो. तेव्हा जे पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून. विश्वासाचं विचाराल तर असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही नव्हता, आणि आज आहे असंही म्हणवत नाही.

प्लेगची पहिली लाट ओसरली होती, तरी ताप आला की लोक आधी काखेत गाठ चाचपत, असे ते दिवस होते. यमुनेला गाठ नव्हती. न्यूमोनिया होता. ती जाते की राहते अशा अवस्थेत बरेच दिवस काढल्यावर ताप उतरला, पण दम काही परत आला नाही. परसातल्या विहिरीपर्यंत गेली तरी भिंतीला हात लावून उभी राही. अर्धं वाक्य बोलून थांबे आणि उरलेलं जरा वेळाने पुरं करी.

डॉक्टर मिनेझिस ठाण्याहून आठवड्यातून एकदा कल्याणात रोगी तपासायला येत. त्यांनी यमुनेच्या पाठीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकत आवाज ऐकला. उजवीकडे पोकळ आवाज येत होता. डावीकडे खालच्या अंगाला मात्र भरलेल्या माठासारखा बद्द.

"खालचा भाग बसलाय," ते मला बाहेर घेऊन म्हणाले. "होळीपर्यंत उघडला तर बरं. नाहीतर आत पू धरेल. मग बरगडीचा तुकडा काढून नळी घालावी लागते."

"त्यातून माणसं उठतात?"

"काही उठतात," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या खेपेस ते त्या बाटल्या घेऊन आले. विलायतेच्या कुठल्याशा वैद्यकीय मासिकात वाचून, काचसामान तिकडूनच मागवून त्यांनी त्या स्वतः जुळवल्या होत्या. रुंद तोंडाच्या दोन सारख्या बाटल्या, दोन्हींना कॉर्क, आणि एकीच्या तळापासून दुसरीच्या तळापर्यंत जाणारी वाकडी काचेची नळी. एका बाटलीच्या कॉर्कातून फुंकायची आखूड नळी बाहेर आलेली, दुसरीच्या कॉर्कातून हवा जायला तशीच एक. फुंकलं की पाणी या बाटलीतून त्या बाटलीत चढे, दम सोडला की आपोआप परत येई. दुसऱ्या बाटलीवर डॉक्टरांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या — खालची, मधली, वरची.

"पैलवान दंड काढतो ना, तशीच ही छातीची तालीम," ते यमुनेला म्हणाले. "फुंकून पाणी वर न्या. तिथे दम धरून ठेवा. मग हळूच सोडा. एकदम नाही सोडायचं."

पाणी तांबडं होतं, पातळी नीट दिसावी म्हणून. त्याला कार्बोलिकचा वास होता. "बदलू नका," डॉक्टर म्हणाले. "हे नासत नाही. तोंडाची नळी तेवढी मी नवी लावली आहे."

हे आधी कोणाकडे होतं, मी विचारलं.

"ठाण्याचा एक रोगी होता. त्याला आता लागत नाही."

बरा झाला असेल, असं मी धरून चाललो. पुढचा प्रश्न विचारला नाही.

आमच्या घरी माझी आत्या असते. बालविधवा, आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. डॉक्टर गेल्यावर ती फळीसमोर येऊन उभी राहिली आणि हात न लावता बाटल्या निरखू लागली.

"तोंडाची नळी नवी आहे ना रे?"

"नवी आहे."

"आणि पाणी? ते ख्रिस्तावाच्या घरचं."

"त्यात औषध आहे म्हणाले."

आत्या विचारात पडली. मग तिने निकाल दिला. "तांबडं आहे, वास मारतंय, पिता येत नाही. म्हणजे ते पाणी नव्हे. औषध. औषधाला विटाळ नाही. राहू दे." आणि जाता जाता यमुनेला म्हणाली, "चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली असतीस, तर बसल्या बसल्या भात तरी झाला असता."

यमुना हसली. हसल्यामुळे तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

पहिले कित्येक दिवस पाणी खालच्या पट्टीलाही पोचलं नाही. ती गाल फुगवी, मानेच्या शिरा ताठ होत, आणि पाणी बोटभर चढून खाली येई. मग ती पदराने तोंड पुसून खिडकीबाहेर बघत बसे. बरगडीची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, पण भिंती पातळ होत्या आणि डॉक्टरांचा आवाज मोठा होता.

अशाच एका दुपारी, ती फुंकून थकून आडवी झाली असताना, सुरुवातीला लिहिलं ते घडलं.

आधी मला वाटलं, नजर चुकली असेल. पण पाणी पुन्हा चढू लागलं. यमुना फुंके तेव्हा पाणी धक्क्याधक्क्याने चढे. हे तसं चढत नव्हतं. एकसारखं, एका चालीत, घाई नसलेल्या माणसाने केल्यासारखं वर गेलं. वरच्या पट्टीपाशी थांबलं. थांबूनच राहिलं. मग उतरलं.

"तुम्हालाही दिसलं ना?" यमुनेने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मला चार दिवसांपासून दिसतंय. म्हटलं, तापाचं असेल."

मी खिडकी बंद केली. ऊन बाटलीवर येत होतं, उन्हाने आतली हवा फुगून पाणी सरकलं असेल, असं मला वाटलं होतं. डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. मी बाटल्या माजघरात नेल्या, जिथे ऊन कधीच येत नाही. तिथेही पाणी चढलं. मग मी दोन्ही बाहेरच्या नळ्यांची तोंडं मेणाने बंद केली. दोन्ही तोंडं अशी बंद असली तर पाणी हलू शकत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. पाणी हललं. मी मेण बोटाने चाचपून पाहिलं, कुठे भेग नव्हती.

डॉक्टर आले त्या दिवशी मात्र पाणी जागचं हललं नाही. ते चहा पिईपर्यंत फळीसमोर बसून राहिले, माझा विश्वास न गमावता जेवढं हसता येईल तेवढं हसले, आणि मग त्यांनी यमुनेची पाठ ठोकून पाहिली. पुन्हा ठोकली.

"थोडं उघडलंय," ते म्हणाले. "काय करता तुम्ही, बाई?"

"तुम्ही सांगितलंत तेच," यमुना म्हणाली.

ते खरं नव्हतं. किंवा पूर्ण खरं नव्हतं. ती त्या पाण्याच्या चालीवर फुंकायला लागली होती. पाणी आपण होऊन चढायला लागलं की ती नळी तोंडात धरी आणि त्याच्याबरोबर दम लावी. पाणी थांबलं की तीही थांबे. मी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं.

"आधी एकटीने ओढल्यासारखं वाटायचं. आता जड हंडा दोघींनी धरावा तसं होतं. कोणीतरी पलीकडून धरलंय."

"कोण?"

"मला काय ठाऊक? तुम्ही बातमीदार. तुम्ही शोधा."

तिचा दम वाढत होता, हे मात्र उघड होतं. पाणी मधल्या पट्टीवर जाऊ लागलं. ती विहिरीपर्यंत जाऊन न थांबता परत येई. वाक्यं पुरी बोले. आत्याशी भांडलीसुद्धा, आणि आत्या खूश झाली, कारण आजारी बाईशी भांडायला तिला संकोच वाटत होता. मी बाटल्यांकडे बघायचं सोडून दिलं. जे उपयोगी पडतंय त्याची चौकशी करायला मी तेव्हा फारसा उत्सुक नव्हतो.

माघ लागला आणि थांबण्याचा वेळ वाढत गेला. पाणी वर जाई आणि वरच राही. यमुनाही दम धरून राही. मी तो वेळ घड्याळावर मोजलेला नाही, कारण माझं लक्ष घड्याळाकडे नव्हतं. एका सकाळी मी बाहेरून आलो तेव्हा ती फळीसमोर नळी तोंडात धरून बसली होती. पाणी वरच्या पट्टीच्याही पुढे, बाटलीच्या गळ्यापाशी होतं. तिचे डोळे उघडे होते, पण मी समोर उभा राहिलो तरी ते माझ्यावर ठरले नाहीत. ओठ जांभळे पडले होते. छाती हलत नव्हती.

मी हाक मारली. खांदा हलवला. शेवटी नळी तिच्या तोंडातून ओढून काढली.

इथे एक गोष्ट नमूद करणं भाग आहे. नळी माझ्या हातात होती, तिचं तोंड मोकळं होतं, आणि पाणी वरच होतं. यमुनेने मोठ्याने हवा आत घेतली, खोकली, पुन्हा घेतली, आणि त्यानंतर कधीतरी पाणी उतरायला लागलं.

"का ओढलंत?" बोलता आल्यावर ती म्हणाली. ती रागावली होती. "मला अजून वर यायचं नव्हतं."

"वर? कुठून?"

"खालून," ती म्हणाली, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत. "गार आहे तिथे. पायाखाली चिखल आहे. हाताला लाकूड लागतं."

यमुना जुन्नरकडची. पोहणं तिला येत नाही आणि खाडीच्या पाण्यात तिने त्या दिवसापर्यंत पाऊल घातलेलं नव्हतं.

आत्याने बाटल्या तिथल्या तिथे उकिरड्यावर टाकायला सांगितल्या. यमुना आडवी आली. "बरगडी माझी आहे, आत्याबाई," ती म्हणाली. मी ठाण्याला जाऊन डॉक्टरांना विचारलं. डाव्या फुप्फुसाचा बसलेला भाग अर्धा उघडलाय, त्यांनी सांगितलं. आत्ता तालीम थांबवली तर तो पुन्हा मिटेल, आणि दुसऱ्यांदा उघडेल की नाही हे सांगता येत नाही. म्हणजे बंद केलं तर बरगडी, आणि चालू ठेवलं तर मी पाहिलं ते.

"दुसरी बाटली द्या," मी म्हणालो.

"दुसरी विलायतेत आहे."

मग जो प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो विचारला. डॉक्टरांनी चष्मा पुसला. रोगी चेंदणीच्या कोळीवाड्यातला होता. पोशा नावाचा कोळी. न्यूमोनियातून उठला, बाटल्यांवर त्याची तालीम चांगली चालली होती, आणि एका सकाळी तो गेला. हृदय थांबलं असावं. सुतकाचे दिवस संपल्यावर घरच्यांनी बाटल्या परत आणून दिल्या, जशाच्या तशा, बाहेरच्या नळ्यांना बोळे लावून.

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुमच्या आत्याबाईंनी घरात घेऊ दिल्या असत्या?"

मी तिथूनच चेंदणीला गेलो.

पोशाची बायको हिरूबाय कोळीवाड्यात किनाऱ्यालगत चटईवर जवळा वाळत घालत होती. शेजारी आणखी बायका होत्या. मला बघून ती उठली नाही.

"काय भटजी, मच्छी पायजे? जानव्याला वास लागंल हां."

बायका हसल्या. मी भटजी नाही, ठाण्याच्या छापखान्यातला माणूस आहे, हे सांगितल्यावर आणखी हसल्या. मग मी डॉक्टरांच्या बाटल्यांचं नाव काढलं. हिरूबायचा हात जवळ्यावरच थांबला.

मी जे पाहिलं होतं ते तिला सांगितलं. पाणी कसं चढतं, कसं थांबतं. चिखल आणि लाकूड सांगितलं तेव्हा शेजारच्या बायका उठून गेल्या. माझं झाल्यावर हिरूबाय जे बोलली ते असं होतं. खाडीच्या तळात लाकडी खुंट ठोकलेले असतात, त्यांना जाळी बांधतात. खुंट सैल झाला की कोणीतरी बुडी मारून तो पुन्हा घट्ट करायचा. ते काम पोशाचं. सगळ्या कोळीवाड्यात त्याच्याएवढा दम कोणाला नव्हता.

"होडीन मी बसायची," ती म्हणाली. "पोर नाय, भाऊ नाय, मंग कोन बसंल? आनि कोनीतरी बसाया लागतं. खाली गेला क त्याला भान नसं. खुंटाला मिठी मारून बसंल तो. म्हनायचा, खाली बरा वाटतं, वर तुजी बडबड."

"मग वर कसा यायचा?"

"ठोकायचा." तिने मुठीने शेजारच्या उलट्या टोपलीवर ठोकून दाखवलं, दोन ठोके जवळ, एक जरा लांब. "वल्ह्यानं, होडीच्या फलीवर. पान्याखाली हाक जात नाय, ठोका जातो. ठोकला क तो यायचा. नाय ठोकला तर यायचा नाय."

मग तिने विचारलं, "म त्या बाटलीन पानी कुनाचा? तुमी भरला?"

"नाही. आधीचंच आहे. बदलू नका म्हणाले होते."

तिचा चेहरा बदलला हे मला दिसलं, पण कशाने ते कळलं नाही. मग तिने सांगितलं. घरातलं माणूस गेलं की गेलेल्याचा जीव अडकू नये म्हणून घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून टाकतात, हे मलाही ठाऊक आहे. आमच्याकडेही ते करतात. "आमी सगला ओतला," ती म्हणाली. "माठ, हंडे, कोंबड्यांची वाटी सुदिक. ती बाटली समोरच व्हती. माजी नणंद म्हनली, ह्या? मी म्हनलं, ह्या पानी नाय, ह्या औषध."

आत्याचे शब्द मी तिला सांगितले नाहीत. पण स्टेशनकडे येताना मला तेच आठवत होते. पाण्याच्या बाबतीत कोळीवाड्यातलं ते घर आणि पारनाक्यावरचं आमचं घर, दोन्ही सारखीच काटेकोर. आणि दोन्ही घरांनी याच एका पाण्याला पाणी म्हटलं नव्हतं.

मी निघालो तेव्हा तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती. पोशा फुंकता फुंकताच गेला. नळी तोंडात होती. ती मच्छी घेऊन बाजारात गेली होती.

"त्या दिशी होडीन कोन नव्हता," ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, हिरूबाय कल्याणात आली. मच्छी विकून, रिकामी पाटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आत्याने पाटी बाहेर जांभळीखाली ठेवायला लावली आणि तिला ओटीवर बसवलं.

"आत नको हो येऊस, बाई. इथेच सगळं आणून देतो आम्ही."

"मला बी आत काय कराचा?" हिरूबाय म्हणाली. "तुमच्या घरान मिठाचा वास नाय, हिंगाचा वास. माजा जीव घाबरतो."

आत्याने गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं, वरून ओतून.

मी फळीसकट बाटल्या ओटीवर आणल्या. हिरूबायने त्यांना हात लावला नाही. समोर मांडी घालून बसली आणि बघत राहिली. यमुना उंबऱ्यात बसली होती. त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, कारण आत्या मला मांजरं पाटीकडे जातायत का बघायला सांगत होती. मी वळलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं.

हिरूबायने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पाणी एका चालीत वर गेलं.

"तोच," ती म्हणाली. "असाच. घाई नाय कसली."

यमुनेने नळी तोंडात घेतली. तसं ठरलेलं नव्हतं. आम्ही फक्त दाखवणार होतो. मी काही म्हणायच्या आत तिने दम लावला होता आणि पाणी वरच्या पट्टीच्या पुढे, गळ्यापाशी जाऊन थांबलं. मी थांबलो. आत्या दारात थांबली. यमुनेचे डोळे उघडे होते आणि त्या दिवशीसारखेच कशावर ठरत नव्हते. तिच्या मानेची शीर दिसत होती. नंतर ओठांच्या कडा निळसर व्हायला लागल्या.

मी पुढे झालो. हिरूबायने माझं मनगट धरलं. तिची पकड माझ्याहून घट्ट होती.

"ओढू नका. तुमी वरून ओढताव, म्हनून तो खालीच रातो. आनि ती त्याच्या संगती."

तिने ओटीच्या फळीवर मुठीने ठोकलं. दोन जवळ, एक लांब.

पाणी हललं नाही.

तिने पुन्हा ठोकलं, जोराने. आत देवघरातली घंटा किंचित किणकिणली. यमुनेचा हात मांडीवर होता, तो घसरून फळीवर पडला.

"आत्या, ती जातेय," मी म्हणालो.

हिरूबाय पुढे वाकली आणि बाटलीशी बोलली. ओरडली नाही. घरातल्या माणसाशी रोज बोलावं तसं, जरा वैतागून बोलली. "बस जाला रं. भरती लागली. मी हाय हितं, होडीन. वर ये आता." आणि तिसऱ्यांदा ठोकलं.

पाणी एकदम खाली आलं. यमुनेच्या तोंडातून नळी सुटली. तिने सोडलेला श्वास इतका मोठा होता की आत्याने कानावर हात नेला. मग ती पुढे कलंडली आणि हिरूबायने तिला छातीशी धरलं. ओटी, विटाळ, पाटी यांपैकी कशाचंच नाव त्या वेळी आत्याने काढलं नाही. तिने पंखा आणला आणि दोघींना वारा घातला.

"लई हट्टी मानूस," हिरूबाय म्हणाली. तिने नाक पुसलं. "पयल्या ठोक्याला कदी आला नाय."

त्यानंतर आम्ही बराच वेळ बाटल्यांकडे बघत बसलो. पाणी दोन्हींत सारख्या पातळीला होतं आणि तसंच राहिलं.

संध्याकाळी ओहोटी लागल्यावर आम्ही दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीवर गेलो. यमुना टांग्यातून आली. बाटल्यांचे कॉर्क मी काढले. पाणी हिरूबायने ओतलं, दोन्ही बाटल्यांतलं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग खाडीच्या पाण्याने त्या विसळल्या. तांबडा डाग थोडा वेळ काठाशी दिसला आणि ओहोटीबरोबर गेला. तिने तिथे आणखी काही केलं नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून ती लगेच स्टेशनकडे निघाली. जाताना तिने यमुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला श्वास घ्यायला सांगितलं. यमुनेने घेतला, सोडला. हिरूबायने हात लगेच काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाटल्यांत विहिरीचं पाणी भरलं. रंगासाठी आत्याने स्वतः कुंकू दिलं. यमुना रोज फुंके. सुरुवातीला पाणी खालच्या पट्टीशी अडलं आणि मला भीती वाटली, पण ते हळूहळू चढत गेलं, धक्क्याधक्क्याने, तिच्या एकटीच्या दमाने. ते पाणी आपण होऊन कधी हललं नाही. मी कितीतरी दुपारी पाहत बसलो आहे.

होळीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी पाठ ठोकून पाहिली. दोन्हीकडे सारखा पोकळ आवाज येत होता. मी त्यांना ओटीवरची हकिकत सांगितली. ते म्हणाले, आजारातून उठलेल्या माणसाला दम धरून ठेवायचा नाद लागू शकतो, आणि मोठ्या आवाजाने तो सुटू शकतो. पाण्याचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, कदाचित मेण नीट बसलं नसेल. ओटीवर मेण नव्हतंच, आणि कोणी फुंकायच्या आधीच पाणी चढलं होतं, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी दुसरं कारण सांगितलं नाही. मलाही अजून सापडलेलं नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. बाटल्या डॉक्टरांकडे परत गेल्या आहेत. बरगडी कापावी लागली नाही. यमुना घरातलं सगळं काम करते, विहिरीचं पाणी काढते, आणि चुलीवर फुंकणी फुंकते तेव्हा जाळ एका दमात लागतो. आत्याला त्याचा फार अभिमान आहे.

शिवायला बसली की सुई ओवताना ती श्वास धरते, सगळेच धरतात तसा. दोरा ओवून झाल्यावरही कधी कधी ती तशीच राहते. सुई हातात, डोळे उघडे, छाती हलत नाही. हाक मारून उपयोग होत नाही.

आज दुपारी, हा मजकूर लिहीत असताना, तसं झालं. मी टेबलावर मुठीने ठोकलं, दोन जवळ, एक लांब. मग पुन्हा ठोकलं. तिसऱ्यांदा ठोकल्यावर तिने श्वास सोडला आणि चोळीची बाही शिवायला घेतली.